पहाटे चारची सावली

"चारशे शहाऐंशी."

आकडा लाउडस्पीकरवरून आला आणि दीडशे माणसं गप्प झाली. व्यासपीठावर पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा उजवा हात पुढे करून बसले होते. साखर मोजायच्या यंत्रावर उमटलेला त्यांचा आकडा मागच्या पडद्यावर हातभर मोठा दिसत होता. अमियबाबांनी तो हात हलकेच धरून तांब्याच्या घंगाळात मनगटापर्यंत बुडवला. अकरा मिनिटं मंत्र चालला. मग शुभ्र पंच्याने हात पुसला, त्याच बोटाला पुन्हा सुई, यंत्रात नवी पट्टी.

"एकशे बहात्तर."

शेड दणाणली. शंख वाजले, बायकांनी बंगाली पद्धतीने जीभ हलवत उलूचा गजर केला, आजोबा रडू लागले. कोलकात्यातल्या बेहालाच्या या गल्लीत पूर्वी पितळी नळांना मुलामा द्यायचा कारखाना होता. भिंतींना अजून आम्लाचा वास होता आणि भाद्रपदातल्या दमट हवेत तो घशाशी येत होता. बाबा मात्र कोरडे, शांत. ते हिंदीत बोलत, अगदी हळू, त्यामुळे सगळ्यांना पुढे झुकावं लागे.

"मी काय केलं? काही नाही. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. माझ्यावर श्रद्धा ठेवू नका. यंत्राला विचारा. यंत्राला श्रद्धा लागत नाही. हे जल क्वांटम आहे. क्वांटम म्हणजे काय? जे दिसत नाही, पण लागू पडतं."

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आहे. दोन वर्षांत क्वांटमची इतकी सुटसुटीत व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. पण मी हसले नाही, कारण माझ्या शेजारी उषामावशी हात जोडून बसली होती आणि तिच्या पलीकडे आभा.

आभा माझी मावसबहीण, तेरा वर्षांची. नऊ वर्षांची असताना तिला टाइप वन मधुमेह झाला, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलं. तेव्हापासून जेवणाआधी एक आणि रात्री झोपताना एक अशी इंजेक्शनं चालू. नाशिकला सगळं सुरळीत होतं. तिच्या वडिलांची, सुधाकरकाकांची, बँकेने कोलकात्याला बदली केली, आणि इथे आल्यावर वर्षभरात सगळं बिघडलं. रात्री साखर ठीक, पहाटे तीनशे. रोज. मध्ये काही खाणं नाही, पिणं नाही.

निदान आभा तसं म्हणत होती. मावशीने आधी गुळाचा डबा लपवला, मग संदेश मिठाईचे खोके घरात आणणं बंद केलं, शेवटी फ्रिजला छोटं कुलूप लावलं.

"ताई, मी झोपलेली असते ना. झोपेत कोण खातं?" आभा मला म्हणाली होती. "आई मला चोर बोलते."

"बोलते नाही, म्हणते."

"धुत्. चोर तर चोरच ना."

मी एस्प्लनेडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि मावशीकडेच राहते. अमियबाबांचं नाव घरात आणलं प्रेमलताकाकूंनी. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांनी मावशीला गाठलं. त्यांची स्वतःची साखर बाबांच्या पाण्याने उतरली होती, गोळ्या बंद करून दोन महिने झाले होते. त्यांचे यजमान श्यामराव एवढंच म्हणाले होते, "हिची साखर उतरली, आणि माझ्या चहातलीसुद्धा."

"पुढे या, बेटी," बाबा म्हणाले. ते आभाकडे बघत होते.

आभा मावशीचा हात धरून वर गेली. तिच्या उजव्या मुठीत, सगळ्यांच्या असते तशी, दारातच दिलेली विभूती होती. पांढरी, कापराचा वास असलेली. नाव पुकारेपर्यंत ती मूठ सोडायची नाही, असा नियम. आभा सेवकाला काहीतरी म्हणाली, त्याने मान हलवली आणि तिची मूठ उघडून बोट नुसतंच कोरड्या फडक्याने टिपलं. सुई टोचली. पडद्यावर आकडा आलाच नाही. 'हाय' अशी दोन अक्षरं आली. म्हणजे यंत्राच्या मोजण्यापलीकडे, सहाशेच्या वर.

मावशीचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी माइक बाजूला ठेवला, पण त्यांचा आवाज तरीही ऐकू येत होता.

"रात्री ठीक असते. पहाटे चढते. बरोबर?"

"हो," मावशी पुटपुटली.

"काही खात नाही, तरी चढते."

"हो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मुलगी वयात येते ना, माँ, तेव्हा पहाटे चार वाजता एक सावली येऊन उशाशी बसते. ती हिचं गोड रक्त पिते आणि त्यात आपलं विष सोडते. तुम्ही सुई टोचता, तेच तिचं दार."

अकरा मिनिटांनी यंत्राने दोनशे ऐंशी दाखवले. उलूचा गजर झाला. बाबांनी मावशीच्या हातात विभूतीचा पुडा ठेवला आणि तीन आज्ञा दिल्या. सुई लाल फडक्यात गुंडाळून देवापुढे ठेवायची. तासातासाला विभूती पाण्यातून द्यायची. आणि घाबरायचं नाही. "सावली निघताना मुलगी थकेल, ओकेल. मग तिच्या तोंडाला पिकल्या फळाचा सुगंध येईल. तो आला की समजा, देवी घरात आली."

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून राहिलं. का, ते त्या क्षणी कळलं नाही. घरी जाताना मी मावशीला एकच गोष्ट सांगितली, "पाणी द्यायचं तर दे, पण इन्सुलिन थांबवू नकोस. एक दिवससुद्धा नाही."

"मी काय वेडी आहे का गं, नूपुर?" ती म्हणाली. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

काका शाखांच्या तपासणीला सिलिगुडीला गेले होते. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी ड्यूटी सकाळी आठची. मी निघाले तेव्हा आभा झोपलेली होती, मावशी देवापुढे बसलेली. तिच्यासमोर समईशेजारी लाल फडक्यात काहीतरी होतं. मला मेट्रो गाठायची होती. मी थांबले नाही. ही चूक माझी आहे, आणि ती मी इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी साडेपाचला दार उघडलं तेव्हा घरात उदबत्तीचा धूर होता. मावशी दारातच उभी, डोळे भरून आलेले, चेहऱ्यावर कधी नव्हे असा आनंद.

"नूपुर, बाळा, आला गं सुगंध."

मी आत धावले. आभा पलंगावर पडली होती. ओठ कोरडे, डोळे खोल. ती श्वास घेत होती तो झोपलेल्या माणसाचा नव्हता. खोल, लांब, एका लयीत, दमलेल्या प्राण्यासारखा. उशाशी बादली. आणि खोलीभर, उदबत्तीच्या वरताण, अति पिकलेल्या फळांचा वास.

तो वास मला माहीत होता. लॅबमध्ये ॲसिटोन मी रोज वापरते, त्याचाच तो वास. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात भरलेली असूनही पेशींपर्यंत पोचत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आम्ल होत जातं. माणूस ओकतो, धापा टाकतो, त्याच्या श्वासाला फळाचा वास येतो, मग तो बेशुद्ध होतो. त्यापुढे उपाय झाला नाही तर मरतो. बाबांनी मावशीला सांगितलेली देवीच्या आगमनाची खूण होती ती ही.

मी आभाच्या डॉक्टरांना, डॉ. लाहिरींना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "मी सांगते तितकं इन्सुलिन आत्ता द्या आणि लगेच निघा. मी इमर्जन्सीत सांगून ठेवते." मी गाडी बोलावली. नऊ मिनिटं, असं फोनवर आलं. दुर्गापूजेच्या मांडवाच्या बांबूंनी आमची गल्ली बंद होती, गाडी नाक्यावरच थांबणार होती.

मी देवघराकडे वळले. मावशी आडवी उभी राहिली.

"हात लावू नकोस त्या फडक्याला."

"मावशी, तिच्या श्वासात विष आहे."

"तेच निघतंय ना. त्यांनी सांगितलं होतं, तसंच झालं सगळं. तुझ्या डोळ्यांनी यंत्र बघितलंस. यंत्र खोटं बोलतं का?"

याचं उत्तर मी कालपासून शोधत होते. उत्तर पलंगावरून आलं, अगदी क्षीण आवाजात.

"ताई. त्यांनी मला हात धुवू नाही दिला."

"काय?"

"मी बोलले त्या दादाला, की टोचायच्या आधी हात धुवायचा असतो. तो बोलला, नाही." आभा थांबली, दोन श्वास घेतले. "आणि ती विभूती गोड आहे. जिभेवर थंड लागते. माझ्या डब्यातल्या पावडरसारखी."

आभाच्या दप्तरात एक छोटा डबा कायम असतो. साखर अचानक फार उतरली तर तोंडात टाकायची ग्लुकोजची पावडर. चार वर्षं ती पावडर खाणाऱ्या मुलीच्या जिभेला ती चव मी शिकवायची गरज नव्हती.

मी मावशीचा हात धरला. "इन्सुलिन मला दे आणि ही पाच मिनिटं मला दे. मग तू म्हणशील ते."

तिने लाल फडकं सोडून इन्सुलिनचं पेन दिलं. मी डोस दिला. मग मोरीत मावशीचे हात साबणाने धुतले, पुसले, आभाच्या यंत्रावर तिची साखर बघितली. एकशे चार. मावशीला मधुमेह नाही. मग बाबांची विभूती तिच्या मुठीत दिली. तिची मूठ भीतीने ओली होतीच. दोन मिनिटांनी बोट कोरड्या फडक्याने टिपलं, तिथे टोचलं.

यंत्रावर 'हाय' आलं.

मावशी त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. मी तिचा हात पुन्हा नळाखाली धरला. मंत्र नाही, घंगाळ नाही, महापालिकेचं पाणी. पुन्हा टोचलं. एकशे एक.

"यंत्राने दोन्ही वेळा खरंच सांगितलं, मावशी. एकदा रक्तातलं, एकदा बोटावरचं. आणि हीच विभूती आज दिवसभर..."

तिने बाजूच्या पेल्याकडे पाहिलं. तळाशी पांढरट साका होता. सकाळपासून तिने तासातासाला, इन्सुलिन बंद केलेल्या आपल्या मुलीला, ग्लुकोज पाजलं होतं.

ती रडली नाही. तिने आभाला उचललं. आभा आता तिच्या कानाएवढी उंच होती, तरी उचललं, आणि बांबूंमधून वाट काढत नाक्यापर्यंत नेलं. मांडवाची माणसं बाजूला सरकत होती. मागून मी पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन धावत होते.

दोन दिवस आभा आयसीयूत होती. पहिल्या रात्री डॉक्टर काहीच खात्रीने सांगत नव्हते. काका मिळेल त्या गाडीने सिलिगुडीहून आले आणि आयसीयूच्या काचेपाशी उभे राहिले. मावशीने त्यांना सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी इथे असतो तर मीही कदाचित घेऊन गेलो असतो." ते खोटं होतं, पण मावशी त्यानंतर पहिल्यांदा बसली.

बुधवारी आभाने फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, कधी खायला मिळेल असं विचारलं, तेव्हा डॉ. लाहिरींनी आम्हाला खोलीत बोलावलं.

"हिचा रात्रीचा डोस किती?"

मावशीने पर्समधून कागद काढला. नाशिकच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला, लॅमिनेट केलेला. दर बदलीला घरात नवे पडदे, नवी शाळा, नवा दूधवाला. हा कागद तेवढा तोच. रात्री बारा युनिट. डॉ. लाहिरींनी सहा महिन्यांपूर्वीच वीस सांगितले होते. मावशीला वाटलं, इथले डॉक्टर आपलं उगाच वाढवून ठेवतात. तिने बाराच चालू ठेवले.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. "ही तेव्हा किती वर्षांची होती?"

"दहा."

"शाळेचा फ्रॉकही लॅमिनेट केला होता का तुम्ही?"

त्या फ्रॉकची हेम, म्हणजे खालची दुमड, वर्षभरात मावशीने स्वतःच्या हाताने तीनदा उसवली होती. जुन्या दुमडींच्या तीन फिकट रेघा अजून दिसतात. मी नंतर त्या रेघा आणि आभाची साखरेची वही शेजारी ठेवून पाहिली. पहिली हेम उसवली तो जानेवारी. पहाटेचे आकडे चढायला लागले तोही जानेवारी.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वयात येताना ती वाढीचं हार्मोन भरपूर सोडते, आणि मुख्यतः गाढ झोपेत. त्याने हाडं वाढतात, उंची वाढते. पण तेच हार्मोन इन्सुलिनला नीट काम करू देत नाही, आणि यकृत पहाटे साखर सोडत राहतं. निरोगी मुलीचं शरीर त्या वेळी आपोआप जास्त इन्सुलिन तयार करतं. कुणाला पत्ताही लागत नाही. आभाला ते बाहेरून द्यावं लागतं. दिलं नाही तर पहाटे साखर चढते, आणि साखर अशी बिघडलेली राहिली की ते हार्मोन आणखी वाढतं. मुलींना या वयात हा त्रास पुष्कळदा जास्त होतो.

"म्हणजे ती चोरून खात नव्हती," मावशी म्हणाली.

"ती वाढत होती," डॉक्टर म्हणाल्या.

वेळ बाबांनी बरोबर सांगितली होती, वयही. ते कळायला सिद्धी लागत नाही. प्रेमलताकाकूंनी आदल्या आठवड्यात त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं, हे पुढे कळलं. उशाशी येऊन बसणारं कोण, एवढंच त्यांनी बदललं. मुलीची उंची वाढवायला आलेल्याला त्यांनी सावली म्हटलं, आणि तिला जगवणाऱ्या सुईला दार.

पुढच्या रविवारी व्यासपीठावर काका गेले. बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मुठीत विभूती, कोरडं फडकं, सुई.

"पाचशे एकोणीस," लाउडस्पीकर म्हणाला.

"किती वर्षांचा आजार?" बाबांनी मायेने विचारलं.

"आत्ताच झाला," काका म्हणाले. त्यांनी खिशातून त्या सकाळचा लॅबचा रिपोर्ट काढला आणि वाचून दाखवला. एक्याण्णव. मग बाटलीतल्या साध्या पाण्याने सगळ्यांसमोर हात धुतला, पुसला, आणि सेवकापुढे धरला. "अकरा मिनिटं नकोत. लगेच टोचा."

सेवकाने बाबांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतले पोस्टातले आजोबा उठून म्हणाले, "सुई लगाओ ना. देख लेते हैं."

पंच्याण्णव.

शेडमध्ये कुणीच ओरडलं नाही. नुसती एक कुजबुज मागच्या रांगेपर्यंत सरकत गेली. माणसं आपापल्या मुठी उघडून बघत होती. काही जणांनी जीभ लावली.

बाबा तरीही हळूच बोलले. "यांच्या मनात श्रद्धा नव्हती. म्हणून यंत्र गोंधळलं."

"मागच्या रविवारी तर बोललात, यंत्राला श्रद्धा लागत नाही," आभा खालून हिंदीत म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, हातावर सलाइनची पट्टी तशीच होती.

मग प्रेमलताकाकू उठल्या. त्यांनी काकांची बाटली मागितली, हात धुतले आणि स्वतःच बोट पुढे केलं. तीनशे बारा. बाबांच्या घंगाळाजवळही त्या गेल्या नाहीत. श्यामरावांनी विनोद केला नाही. त्यांनी बायकोच्या पायाकडे पाहिलं. अंगठ्यावर दीड महिना न भरलेली एक जखम होती, ती दोघांनीही चपलेची मानली होती.

त्या गोंधळात बाबा मागच्या दाराने गेले. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली. शेडला कुलूप लागलं. पण पूजेनंतर काकांच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, हावड्याला एका गोदामात कुणी साधू आला आहे, मशीन लावून साखर उतरवतो. नाव वेगळं आहे. घंगाळ तांब्याचंच आहे.

म्हणून हे लिहिलं. मावशी अडाणी नाही. तिने मुलीसाठी जे दिसलं ते धरलं, आणि आपल्यापैकी कुणाचीही मूठ तशी ओली होऊ शकते. माझं सांगणं एवढंच आहे. कुणी आकडा दाखवला तर तो कसा मोजला ते विचारा. तोच प्रयोग घरी, स्वच्छ हातांनी, स्वतः करून बघा. ज्या उपायाची पहिली अट चालू औषध बंद करणं ही असेल, तो देणाऱ्यासमोरून उठा. आणि मुलाच्या अंगात काही बदललं, तर त्याच्यावर आळ घेण्याआधी आणि भुतावर घेण्याआधी ते वाढतंय का हे पाहा.

फ्रिजचं कुलूप मावशीने त्याच आठवड्यात काढलं. कडीची दोन भोकं दारावर राहिली आहेत. नाशिकचा कागद आता आभाच्या जुन्या फोटोंमध्ये आहे.

काल सकाळी सहाला मला जाग आली तेव्हा आभा बेसिनपाशी हात धुत होती. मी विचारलं, "आली होती का गं तुझी सावली?"

तिने बोट टोचलं, पाच सेकंद थांबली.

"आलेली. एकशे एकोणचाळीस." मग दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावर फूटपट्टी धरली. "बघ ना ताई, काय ठेवून गेली."

मी पेन्सिलीने रेघ मारली. मागच्या महिन्याच्या रेघेपेक्षा ती अर्धा सेंटिमीटर वर होती.